तेवीस चिंचोके

मी एक जुना, पोचे पडलेला पत्र्याचा डबा आहे. माझ्या पोटात शंभर चिंचोके आहेत. उंद्रीच्या शाळेतल्या कपाटावर, फाटक्या नकाशांमागे माझा मुक्काम असतो.

मित्रांनो, मला इथे आणलं नारायणराव गुरुजींनी. मोठे कीर्तनवेडे! चोवीस चिंचोके जमिनीवर मांडायचे. बाराच्या दोन रांगा, आठच्या तीन, सहाच्या चार. रांगा सारख्या झाल्या, एकही उरला नाही, की तेवढी रांगांची संख्या चोवीसची विभाजक. मग चोवीस फोडायचे. दोन गुणिले बारा. बारा म्हणजे दोन गुणिले सहा. सहा म्हणजे दोन गुणिले तीन. पुढे फुटत नाही. कुणी चार आणि सहापासून सुरुवात केली तरी शेवटी तेच, तीन वेळा दोन आणि एकदा तीन. गुरुजी म्हणायचे, "बुवा कुठंही फिरून आले तरी ध्रुवपदावरच येतात ना? तसं हे!"

गुरुजी निवृत्त झाले. वर्गात मोठा टीव्ही आला. सहा वर्षं मला कुणाचा हात लागला नाही.

परवा देवळातल्या सप्ताहासाठी शाळेच्या पडवीत मुलींची पावली, म्हणजे टाळ वाजवत पावलं टाकत नाचणं, बसवणं चाललं होतं. टाळांचे जोड तेवीस, मुलीही तेवीस. शिकवणारे भगवंतराव म्हणाले, "पावली दोन रांगांची असते. समोर जोडी पाहिजे. प्रेरणा नवी हाय, तिले बसवा."

महिन्यापूर्वीच गावात आलेल्या प्रेरणाने टाळ खाली ठेवले. तिच्याशी बोलणारी एकटी रेणुका.

"थांबा आबा," रेणुका म्हणाली, "मले मांडून पाहू द्या!"

गुरुजींच्या चिंचोक्यांबद्दल तिने घरी ऐकलं होतं; स्टुलावर चढून तिने मला काढलं. धुळीने दोनदा शिंकली. तेवीस चिंचोके मोजले. दोन रांगा केल्या, एक उरला. तीन केल्या, दोन उरले. दोनाने जमलं नाही, मग चाराने कुठून जमणार? पाच केल्या, तीन उरले. पाचाच्या पाच रांगांना तर पंचवीस लागतात; त्याहून जास्त रांगा केल्या तर एकेकीत पाचाहून कमी येणार, आणि ते आकडे तपासून झाले होते, म्हणून ती तिथेच थांबली.

"मूळ संख्या हाय आबा. तेवीसले एक अन् तेवीसच चालते."

"मंग काय तेवीस रांगा करतं व?" भगवंतराव हसले.

"नाही. एकच. गोल." तिने बोटाने चिंचोके सरकवले. "आता पाहा, सगळ्यायले दोन्हीकून सोबत हाय."

भगवंतराव त्या गोलावर वाकले. "आमच्या बापजाद्यानं अशी पावली नाही खेळली," ते पुटपुटले. मग म्हणाले, "प्रेरणा, उचल व टाळ."

मित्रांनो, कुणी उरतंय असं वाटलं तर त्याला बसवू नका. आधी रांग मोडून पाहा. आणि जमलं तर मलाही अधूनमधून खाली काढा. इथे वर फार एकटं वाटतं.

काल संध्याकाळी देवळाकडून टाळ ऐकू आले. मी कपाटावरूनच कान लावला. प्रेरणाचे टाळ कोणते, ते शोधत राहिलो. तेवीस जणींत ते काही वेगळे ऐकू आले नाहीत.