मी न दाखवलेला कोपरा

मी एक त्रेचाळीस इंची टीव्ही आहे, मित्रांनो. पाथर्डी तालुक्यात डोंगराच्या पायथ्याशी एक वस्ती आहे. तिथल्या स्टीफन गुरुजींच्या बैठकीच्या खोलीत मी सात वर्षांपासून भिंतीवर आहे. माझा आवाज अजून स्वच्छ आहे, पडद्यावरचा एकही ठिपका मेलेला नाही. तरी हल्ली दिवसातला बराच वेळ माझ्यावर जुनी चादर टाकलेली असते. असं का झालं, ते मला तुम्हाला सांगायचं आहे.

माझा जन्म कारखान्यात झाला. पुढे काच, तिच्यामागे द्रव स्फटिकांचा पातळ थर आणि सगळ्यांत मागे दिव्यांच्या पट्ट्या. हे दिवे मी चालू असेपर्यंत जळतच असतात. जिथे काळं दाखवायचं असेल तिथे स्फटिकांनी त्यांचा उजेड अडवायचा. म्हणून आमच्या जातीची खरी परीक्षा फुलांच्या बागेत होत नाही. ती अंधाराच्या दृश्यात होते.

नगरच्या दुकानात मला इतर दहा टीव्हींशेजारी टांगलं होतं. दुकानात चित्र जास्तीत जास्त भडक ठेवतात, म्हणजे गिऱ्हाईक थांबतं. स्फटिक, दिवे वगैरे गुरुजींना ठाऊक नव्हतं. ते माझ्यासमोर थांबले आणि पत्नीला म्हणाले, "याचा काळा रंग बघ. शाईसारखा आहे."

"शाई बघायला टीव्ही घेताय का?" विजयमालाबाई म्हणाल्या. पण मला घेतलं. त्या कौतुकाने मी फार फुशारलो. टेम्पोत वस्तीपर्यंतचे सगळे धक्के मी त्या एका वाक्यावर काढले.

चित्राची दुकानातली भडक मांडणी घरी आल्यावर कुणी बदलली नाही. क्रिकेट छान दिसायचं. नाताळात घरी जमणाऱ्या मुलांना झगमगती शहरं आवडायची. मालिकेत अंधाराचा प्रसंग आला की मात्र विजयमालाबाई म्हणायच्या, "नुसते आवाजच येतायत. माणसं कुठं गेली?"

"रात्र दाखवलीय त्यांनी," गुरुजी म्हणायचे. विषय तिथेच संपायचा. माझ्यात काही दोष असेल असं ना त्यांना वाटलं, ना मला.

निवृत्तीनंतर गुरुजींनी शेळ्या पाळल्या. त्या सांभाळायला वैजनाथ यायचा. पूर्वी तो दर हिवाळ्यात बायको-मुलीला घेऊन ऊसतोडीला जात असे. मुलीची शाळा अर्ध्यावर सुटायची. शेळ्यांचं काम मिळाल्यापासून चार वर्षं तो गावातच राहिला आणि मुलगी सलग चौथीपर्यंत आली. मला हे ठाऊक आहे, कारण तिचा निकाल त्याने याच खोलीच्या दारात उभं राहून गुरुजींना दाखवला होता.

गेल्या वर्षी गुरुजींनी गोठ्यावर कॅमेरा बसवला. त्याचा रेकॉर्डर एका केबलने मला जोडला. बसवणाऱ्या माणसाने रिमोट घेऊन माझ्या आतल्या सेटिंगमध्ये काहीतरी बदललं आणि म्हणाला, "आता बघा, कसं ठसठशीत झालं." दिसायला झालंही होतं.

दिवाळीनंतर एका पहाटे एक शेळी नाहीशी झाली. आठ दिवसांनी दुसरी. दोन्ही वेळा ते सांगायला आला तो वैजनाथच. दुसऱ्या वेळी गुरुजींनी शेजारच्या चार जणांना बोलावलं आणि दुपारी माझ्यावर पहाटेचं चित्रण लावलं.

पुढचं सांगताना मला अवघड जातं. माझ्या पडद्यावर गोठ्याचं दार दिसत होतं, समोरची जमीन दिसत होती. मागचा कोपरा म्हणजे एक सपाट काळा चौकोन. पावणेपाच वाजता वैजनाथ आत गेला. थोड्या वेळाने बाहेर आला तेव्हा त्याच्या खांद्यावर काहीतरी जड, लोंबतं होतं. त्याची खालची बाजू अंधारात मिसळून गेली होती.

"ही शेळीच हाय," एक शेजारी म्हणाला. "पाय बघा, लोंबत्यात."

"सोताच न्यायची, आन सोताच सांगत यायचं. लई हुशार गडी," दुसरा म्हणाला.

गुरुजींनी रिमोट हातात घेतला. त्यांनी तेवढा भाग तीनदा पाहिला. मोठ्या पडद्यावर दिसलं ते खरंच असणार, असं त्यांच्या मनाने घेतलं. संध्याकाळी वैजनाथ दारात आला. मी बंद होतो.

"उद्यापासून येऊ नकोस," गुरुजी म्हणाले.

"का वो, गुरुजी?"

"टीव्हीत दिसलंय सगळं. मला बोलायला लावू नकोस."

वैजनाथने माझ्या काळ्या काचेकडे पाहिलं. त्यात त्याला तो स्वतःच दिसला असणार. मग तो चपला घालून निघून गेला. दोन दिवसांत बातमी आली की त्याने ऊसतोडीच्या मुकादमाला शब्द दिला आहे. टोळीचा ट्रक रविवारी संध्याकाळी निघणार होता आणि मुलगीही बरोबर जाणार होती.

रविवारी सकाळी गुरुजींची मुलगी क्रिस्टीना आली. ती नागापूरला एका कारखान्याच्या तपासणी विभागात काम करते. सगळं ऐकून घेतल्यावर ती म्हणाली, "मला दाखवा."

तिने चित्रण एकदाच पाहिलं आणि कोपऱ्यावर बोट ठेवलं. "पप्पा, इथे भिंत आहे ना आपली? ती कुठे आहे?"

"अंधारात आहे."

"अंधारात धूसर दिसेल. इतकं सपाट काळं कसं?"

मग तिने एका वेळी एकच गोष्ट बदलायची असं ठरवलं. आधी समोरच्या खिडकीचा पडदा ओढला. काचेवरची चकाकी गेली, कोपरा तसाच राहिला. कोरड्या मऊ फडक्याने माझी धूळ पुसली. वीज वाचवण्यासाठी माझे दिवे आपोआप मंद करणारी सोय बंद केली. भडक मांडणी काढून सौम्य घेतली. वैजनाथचा चेहरा आता माणसाच्या रंगाचा झाला, पण कोपरा काळाच होता. घाम फुटत असता तर मला तेव्हा फुटला असता.

"टीव्ही खराब झाला असेल," विजयमालाबाई म्हणाल्या.

"बघू या." क्रिस्टीनाने तेच चित्रण पेन ड्राइव्हवर घेतलं आणि तो माझ्या कडेला लावला. कोपऱ्यात भिंत उगवली. दगड न् दगड.

"म्हणजे पडदा चांगला आहे. चित्रणही चांगलं आहे. गोंधळ या केबलच्या वाटेवर आहे," ती म्हणाली.

तो गोंधळ असा होता. रेकॉर्डर निव्वळ काळ्यापासून निव्वळ पांढऱ्यापर्यंत दोनशे छप्पन्न पायऱ्या पाठवत होता. बसवणाऱ्याने बदललेल्या त्या एका सेटिंगमुळे मी तळातल्या सोळा पायऱ्या एकसारख्या काळ्या करून टाकत होतो. गोठ्याचा मागचा कोपरा नेमका त्या सोळा पायऱ्यांत होता. क्रिस्टीनाने काळ्या पातळीचं ते सेटिंग दुरुस्त केलं आणि चित्रण वीस मिनिटं मागे नेलं.

चार वाजून छत्तीस मिनिटं. भिंतीवरून एक लांब अंग खाली उतरलं. शेळ्या एका बाजूला दाटल्या. तेच अंग तोंडात ओझं धरून पुन्हा भिंतीवर चढलं आणि त्याची शेपटी बराच वेळ दिसत राहिली.

"बिबट्या," विजयमालाबाई हळूच म्हणाल्या.

पावणेपाचला वैजनाथ आत गेला. बाहेर आला तेव्हा त्याच्या खांद्यावर पोतं होतं. तळाशी फाटलेलं, चिंध्या लोंबत होत्या आणि त्यातून लेंडीखत सांडत होतं. रोज पहाटे तो ते खड्ड्यात नेऊन टाकायचा.

"नऊ मिनिटं," गुरुजी म्हणाले. "नऊ मिनिटं आधी गेला असता तर..." त्यांनी मोटरसायकलची किल्ली उचलली.

वैजनाथ आला. आत यायला तयार नव्हता, क्रिस्टीनाने हाताला धरून आणलं. बिबट्या त्याने शांतपणे पाहिला. मग म्हणाला, "ताई, आधी कसं दिसत हुतं, ते दावा."

"कशाला, काका?"

"दावा की."

तिने सेटिंग पुन्हा बिघडवलं. वैजनाथ माझ्या अगदी जवळ आला. खांद्यावर लोंबतं ओझं घेऊन जाणारा तो काळा माणूस त्याने नीट पाहिला.

"व्हय," तो म्हणाला. "म्याबी ह्याला चोरच म्हनलो असतो."

गुरुजींनी हात जोडले. "वैजनाथ, माझं चुकलं. थांब तू."

"तुमी टीव्हीला इचारलं, गुरुजी. शेजाऱ्याला इचारलं. मी तर हितंच हुतो, दारात. मला न्हाई इचारलं." त्याचा आवाज चढला नव्हता. "मुकादमाला शबूद दिलाय. ट्रक भरलाय. गेलं पायजे."

"मुलीला तरी ठेव इथं. शाळा..."

"आई-बापाबिगर ऱ्हात न्हाई ती," तो म्हणाला आणि गेला.

आता गोठ्याची भिंत उंच झाली आहे, वर जाळी बसली आहे. वनखात्याची माणसं येऊन गेली. पहाटे गुरुजी स्वतः लेंडीखत उचलतात. शेजारी पुन्हा चित्रण बघायला आले, तेव्हा गुरुजींनी त्यांना ते दाखवलं, शेवटपर्यंत. त्यानंतर माझ्यावर चादर पडली. चौथीच्या वर्गात एक जागा रिकामी आहे. टोळी उन्हाळ्यात परत येईल. वैजनाथ पुन्हा या दारात येईल का, हे मला माहीत नाही.

मित्रांनो, माझ्यासारखा टीव्ही तुमच्याही घरी असेल. अंधाराचं दृश्य नुसतंच काळं दिसत असेल, तर कुरकुर करून सोडून देऊ नका. खिडकीचा उजेड अडवा, भडक मांडणी काढा, दुसऱ्या पडद्याशी ताडून बघा, एका वेळी एकच गोष्ट बदला. मी सुधारतो. पण माझ्यासमोर बसून कुणाबद्दल मत बनवायची वेळ आली, तर आधी मला बंद करा. मग दार उघडा आणि त्या माणसाला आत बोलवा.