लांबचं डुक्कर

"नळी खाली कर! माझ्या पोटावर आलीय तुझी नळी!" प्रताप निंबाळकर ओरडला.

त्र्यंबक दामलेने घाईघाईने रायफल काउंटरवर ठेवली. ती रिकामी होती, दुकानदाराने उघडून दाखवलीही होती, तरी त्याच्या तळव्यांना घाम सुटला. रंगाच्या कंपनीतला हा केमिस्ट. लहानपणी दिवाळीत टिकल्यांचं पिस्तूलसुद्धा धाकट्या भावाच्या हातात देऊन कान झाकून उभा राहायचा. टेक्सासात येऊन पंधरा वर्षं झाली तरी बंदुकीच्या दुकानात पाऊल टाकायची वेळ आली नव्हती.

ती लताच्या अळूमुळे आली. ह्यूस्टनपासून तासाभरावर त्यांचं घर, मागे ओढा, आणि ओढ्याच्या ओलीवर त्याच्या बायकोने, लताने, लावलेलं अळू. गावोगावच्या मराठी बायका गणपतीत तिच्याकडून पानं नेत. यंदा त्या अळूत रानडुकरं शिरायला लागली. शेजाऱ्याचा दांडगा कुत्रा त्यांच्यावर धावून गेला, तो पोट फाटून परत आला. आणि लता रोज संध्याकाळी त्याच अळूत उतरत होती. नको म्हटलं तर म्हणायची, "डुकरांना भिऊन अळू सोडू?" त्र्यंबकला रात्री डोळे मिटले की कुत्र्याच्या जागी ती दिसायची.

"डुक्कर दिसतं कुठे तुला?" प्रतापने विचारलं. प्रताप भूलतज्ज्ञ, दिवसभर माणसांना झोपवायचं आणि संध्याकाळी आजोबांच्या शिकारीच्या गोष्टी सांगून मित्रांना जागं ठेवायचं, हा त्याचा खाक्या.

"मागच्या दारातून. ओढ्यापाशी."

"म्हणजे हाकेच्या अंतरावर. मग ही आखूड घे. उघडी साइट. मागच्या खाचेत पुढचा मणी बसवायचा, मणी डुकरावर धरायचा, फिनिश. स्कोप कशाला? जवळच्या डुकराला स्कोप लावलास तर नुसते केस दिसतील, यार. तोंड कुठलं नि ढुंगण कुठलं कळायचं नाही."

"पण मला ते जवळ यायलाच नकोय."

"ते काय तुला अपॉइंटमेंट घेऊन येणार आहे?"

दुकानदार दोन्ही चांगल्या म्हणत होता. त्र्यंबकने लांब रायफलीच्या स्कोपमधून खिडकीबाहेर पाहिलं. रस्त्यापलीकडच्या पाटीवरची अक्षरं जवळ आली आणि आपण होतो तिथेच राहिलो, याचं त्याला फार बरं वाटलं. शहाणा माणूस जनावर कुठे येतं ते पाहून हत्यार निवडतो. घाबरलेला माणूस आपल्याला कुठे उभं राहायचंय ते पाहून निवडतो. त्र्यंबकने स्कोपवाली घेतली.

प्रतापने एकदा रेंजवर नेऊन नेम बसवून दिला. त्यानंतर रायफल कपाटात गेली, ती खंडेनवमीला बाहेर आली. लताने शिवणयंत्र, कॅल्क्युलेटर आणि गाडीच्या किल्ल्या यांच्या शेजारी तिलाही मांडलं आणि ओल्या बोटाने हळदकुंकू लावलं. कुठे लावावं याचा तिला क्षणभर प्रश्न पडला असेल. पण स्कोपला दोन्हीकडे काचेचे डोळे होते, आणि देवाला काय, माणसाला काय, हत्याराला काय, कुंकू समोरच लावायचं, म्हणून तिने ते पुढच्या काचेवर लावलं. त्र्यंबकने ते पाहिलं. पुसायचं म्हणजे बंदूक हातात घ्यायची. राहू दे, उद्या बघू, असं म्हणून त्याने ती तशीच कपाटात ठेवली.

पुढच्याच रविवारी, चहाच्या वेळी, मागून हाक आली. "अहो! अहो, इकडे या!"

लता अळूत उभी होती, हातात पाण्याचा पाईप. तिच्या एका बाजूला पिलं, दुसऱ्या बाजूला त्यांची आई. डुकरीण मान खाली घालून फुसफुसत होती. त्र्यंबकने रायफल काढली, गोळ्या भरल्या, मागच्या पायरीवर गुडघा टेकला आणि स्कोपला डोळा लावला.

आत सगळं लाल, पिवळं, गढूळ. त्यात काहीतरी काळं हललं. केस होते. डुकरिणीचे की लताचे, ते कळेना. नळी जराशी सरकवली, पुन्हा काळंच. बोट घोड्यावर होतं आणि ते आपलं ऐकेल याची त्याला खात्री वाटेना. इतकी भीती त्याला जन्मात वाटली नव्हती.

त्याने सेफ्टी लावली, रायफल पायरीवर ठेवली आणि हात हवेत उडवत धावत सुटला. "हट्! हट् हट्!" गल्लीतल्या गाईला हाकलावं तसा. डुकरीण वळली, त्याच्याकडे चार पावलं आली. तो थांबला. पळायला पाय उचलेनात, म्हणून उभा राहिला. तेवढ्यात पिलं लताला वळसा घालून ओढ्यात उतरली आणि आई त्यांच्या मागे गेली.

लता त्याच्यापाशी आली तेव्हा त्याची पँट पुढून मांड्यांपर्यंत ओली होती. त्याच्या ते लक्षातही आलं नव्हतं. लताच्या आलं. तेवढ्यात पुढच्या अंगणात गाडी थांबली. प्रताप पानं न्यायला येणार होता.

"काय हा चिखल!" लता मोठ्याने म्हणाली आणि पाईप सरळ त्याच्या कमरेवर धरला. मग स्वतःच्या साडीवरही.

प्रताप कोपऱ्यावरून आला तेव्हा दोघं निथळत उभी होती. त्याने पायरीवरची रायफल पाहिली. "हे काय? बार ऐकू आला नाही. मिस केलंस?"

"मारायची गरजच पडली नाही, भाऊजी," लता म्हणाली. "ह्यांनी नुसत्या हातांनी हाकलली."

लताने पाणी बंद केलं नव्हतं. पाईप अजून त्र्यंबकच्याच पायांवर होता, आणि दुसऱ्या हाताने तिने त्याचं मनगट घट्ट धरलं होतं.