बारा मैलांच्या आत

शेंगांची पोती एका अंगाला ढकलून चनबसप्पाने लॉरीच्या हौद्यात जागा केली आणि खाली हात दिला. चौघांनी मिळून बाज वर चढवली. बाजेवर मायाक्का होती. काल सकाळपासून ती अडली होती. सुईणीने हात टेकले होते आणि आता मायाक्काचा आवाजही फारसा येत नव्हता. तिची आई केराबाई पोत्याला धरून वर आली आणि लेकीचं डोकं मांडीवर घेऊन बसली. नवरा, बिरप्पा, बाजेचा खूर धरून उभाच राहिला.

"बसून घे," चनबसप्पा म्हणाला. "उभ्यानं पडशील."

"सोलापूर किती लांब हाय, अण्णा?"

"वीस मैल."

"बैलगाडीनं रात व्हती. मोटारीनं झटक्यात जाऊ की."

चनबसप्पा खाली उतरला. पुढच्या डाव्या चाकापाशी तो क्षणभर वाकला, मग हँडल मारून त्याने इंजिन चालू केलं.

लॉरी सोलापुरातल्या सुताच्या व्यापाऱ्याची, बसलिंगप्पाची होती. लहानशीच, पुढे दोघांची बैठक, मागे उघडा हौदा. जाताना अक्कलकोटच्या हातमागांसाठी सुताचे गठ्ठे न्यायचे आणि येताना शेंगा आणायच्या. चनबसप्पा तिच्यावर चार वर्षं होता. दिवाळीपासून तिला एक खोड लागली होती. वेग ताशी बारा मैलांच्या वर गेला की डावं चाक थरथरू लागे. आधी स्टिअरिंग धरलेल्या बोटांना मुंग्या आल्यासारखं होई, मग हात कोपरापर्यंत हलत, आणि तरीही वेग वाढवला तर गाडीचं तोंड आपल्या मनाने डावीकडे ओढ घेई. त्या चाकाचा टायर आतल्या बाजूने इतका झिजला होता, की रबराखालचं कापड दिसत होतं.

कासीम मिस्त्रीने चाक उचलून, दोन्ही हातांनी हलवून दाखवलं होतं.

"कसूर टायर का नै, चनबसप्पा. चाक जिसपे घूमता, वो खीला घिस्या. जोर में ये टायर फट्या तो गाडी उलटतीच."

चनबसप्पाने मालकाला दोनदा सांगितलं. बसलिंगप्पा वाईट माणूस नव्हता. त्याने ऐकून घेतलं, मान हलवली. सामान मुंबईहून मागवावं लागेल, गड्ड्याची यात्रा एकदा उरकू दे, तोवर सावकाश चालव, म्हणाला. आणि चनबसप्पा निघताना हलक्या आवाजात पुढे म्हणाला, "कुणापुढं बोलू नको. गाडी खराब हाय म्हटल्यावर आपल्याकडं माल कोण देईल?"

चनबसप्पा सावकाश चालवायला शिकला. मागून येणाऱ्या मोटारी धुरळा उडवत पुढे जात, त्यातले लोक हसत. त्याला त्याचं काही वाटेनासं झालं होतं.

बिरप्पाची धोंडेवाडी मागे पडून दोन मैल झाले असतील. मागून टपावर थाप पडली.

"अण्णा, जरा जोरात घ्या की!"

चनबसप्पाने पाय दाबला. काटा तेरावर गेला, चौदावर गेला. स्टिअरिंग हातात फडफडू लागलं. मागे बाज खडखडली आणि मायाक्का कण्हली. त्याने पाय उचलला. पुढच्या ओढ्यावर अरुंद मोरी होती, उतारावर गाडी उलटली तर खाली नुसते दगड. काटा पुन्हा अकरावर आला.

बिरप्पा हौद्यातून उतरून धावत आला आणि दाराशेजारच्या फळीवर चढला. गाडी इतकी सावकाश चालली होती, की त्याला ते सहज जमलं.

"का हो? पाय धरतो तुमचं. ती हातची चालली."

चाकाचं नाव चनबसप्पाच्या ओठांवर आलं होतं. पण इतके दिवस ते गिळायची सवय लागली होती. त्याच्या तोंडून वेगळंच बाहेर पडलं.

"बाईला हादरं बसत्याल, बिरप्पा. जपून न्यायला पायजे."

बिरप्पाने त्याच्याकडे पाहिलं.  मग हळूच म्हणाला, "आसं व्हय," आणि मागे गेला. फळ्यांच्या फटीतून चनबसप्पाला ऐकू आलं. बिरप्पा वाकून बायकोला काहीतरी सांगत होता. त्यानंतर टपावर थाप पडली नाही.

सोलापूरच्या दवाखान्यात पोचायला दोन तास लागले. चनबसप्पा व्हरांड्यातल्या खांबाला टेकून उभा राहिला. त्याला जायला हरकत नव्हती, पण पाय निघेना. बऱ्याच वेळाने आतून लेकराचं रडणं आलं. केराबाईने हात जोडले. मग डॉक्टर बाहेर आले. जन्मलेली मुलगी वाचली होती, मायाक्का गेली होती.

"तासभर आधी आणायला हवं होतं," डॉक्टर म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, ते दमलेले होते.

बिरप्पा भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. "कालच निगायचं," तो म्हणत राहिला. "सुईणीच्या नादानं ऱ्हायलो. कालच निगायचं मी."

खांबापाशी उभ्या असलेल्या चनबसप्पाने ते ऐकलं. तो पुढे झाला नाही.

त्या संध्याकाळी त्याने लॉरी वखारीपुढे लावली आणि इंजिनाचं हँडल मालकाच्या गादीवर ठेवलं.

"चाक नीट झाल्याबिगर मी चढत नाही."

काय झालं ते बसलिंगप्पाने विचारलं. चनबसप्पाने सांगितलं.  दुसऱ्या दिवशीच्या आगगाडीने बसलिंगप्पाने मुंबईला माणूस धाडला. आठव्या दिवशी नवा खिळा आला, पुढचे दोन्ही टायर आले. कासीमने एका सकाळीत सगळं बसवलं. चनबसप्पा शेजारी उकिडवा बसून पाहत होता. काम इतकं थोडं होतं, हे त्याला आधी माहीत नव्हतं.

महिना उलटल्यावर एका सकाळी बिरप्पा वखारीच्या दारात उभा राहिला. खांद्यावर नवं काळं घोंगडं होतं. गठ्ठे भरणं चाललं होतं, तिथेच तो चनबसप्पापुढे आला आणि घोंगडं त्याच्या हातात देऊ लागला.

"आमच्या मेंढरांच्या लोकरीचं हाय, अण्णा. घ्या."

"मला कशाला?"

"तुमी तिला जपून आणलं म्हून." बिरप्पाने डोळे पुसले नाहीत, ते तसेच भरू दिले. "वाटंत मी तिला सांगितलं, डायवर तुज्यासाटी गाडी हळू चालवतोय. तर म्हणाली, लगीन झाल्यापास्नं मेंढरांमागं पळतीच हाय मी. आज पयल्यांदाच कुणीतरी माज्यासाटी सावकाश चाललंय. हसली बगा. त्येच तिचं शेवटचं बोलणं."

चनबसप्पाला घोंगडं धरवेना. बिरप्पाने ते स्वतःच गाडीच्या बैठकीवर ठेवलं.

"बस," चनबसप्पा शेवटी म्हणाला. "अक्कलकोटलाच चाललोय. वाडीवर सोडतो."

गिरणीचं धुराडं मागे पडलं, रस्ता मोकळा झाला. काटा बारावर होता. चनबसप्पाने तो मुद्दाम तिथे धरला होता, हे त्याचं त्यालाच कळलं. शेजारी बिरप्पा घोंगड्यावर हात ठेवून निवांत बसला होता.

"आजबी जपूनच चालवताय की," तो कौतुकाने म्हणाला.

असंच धोंडेवाडीपर्यंत जाता आलं असतं. दोन तासांचा तर प्रश्न होता. बिरप्पा फाट्यावर उतरला असता, राम राम म्हणाला असता आणि जन्मभर चनबसप्पाचं नाव चांगलं घेत राहिला असता.

कुंभारी गावाच्या अलीकडे चनबसप्पाने पाय दाबला. पंधरा. वीस. सत्तावीस. स्टिअरिंग त्याच्या हातात गप्प होतं. बाभळी मागे पळू लागल्या. बिरप्पाने आधी दार घट्ट धरलं, मग सोडलं. ओळखीची विहीर आली आणि गेली. मोडक्या चौकीचं वळण गेलं. ओढ्याची मोरी खडखडून मागे गेली. बिरप्पा मान वळवून प्रत्येक खूण पाहत होता. 

फाट्यावर चनबसप्पाने गाडी थांबवून इंजिन बंद केलं.

"आलं?" बिरप्पाने विचारलं.

"व्हय."

"इतक्यात?"

चनबसप्पा समोरच्या काचेकडे बघत राहिला. "त्या दिवशी चाक धड नव्हतं," तो म्हणाला. "जोरात घेतली असती तर गाडी उलटली असती. मला ठाव होतं. लई दिवसांपास्नं ठाव होतं. तुला खरं सांगितलं न्हाय मी."

"म्हंजी तिच्यासाटी न्हवं."

"न्हाय."

बिरप्पाचा हात घोंगड्यावर होता. तो त्याने उचलून स्वतःच्या मांडीवर ठेवला. बाहेर कुठेतरी मेंढरं ओरडत होती.

मोटारीचा आवाज ऐकून केराबाई रस्त्यापर्यंत आली होती. लुगड्याच्या पदरात लेकरू होतं. चनबसप्पाला ओळखून ती लगबगीने जवळ आली.

"ह्योच न्हवं का त्यो डायवर! बाबा, माज्या लेकीच्या हाडाला धक्का लागू दिला न्हाईस रं तू. तुजं भलं हुईल."

चनबसप्पाने तोंड उघडलं. तेवढ्यात बिरप्पा खाली उतरला आणि दोघांच्या मध्ये उभा राहिला. त्याची पाठ चनबसप्पाकडे होती.

"व्हय, आत्या," तो म्हणाला. "लई जपून नेलं त्यांनी."

"मग ये की बाबा, घोटभर दूद पिऊन जा."

बिरप्पाने तिच्या हातातून लेकरू घेतलं, त्याच्या तोंडावर ऊन येत होतं तिथे आपला तळहात धरला, आणि मागे न बघता वाटेला लागला.

"थांबवू नगा त्यांना," तो म्हणाला. "आता लई पळती त्यांची गाडी."