नाळेवरचं नाव

सकाळी साडेअकराला बोईसरच्या दुकानात दमयंतीने स्टिकर कापायचं चालू मशीन थांबवायला लावलं. पात्याखालच्या लाल व्हिनाइलवर फुलपाखराचा एकच पंख कापून झाला होता. विक्रेता मिथुन म्हणाला की, सगळ्यांना हाच डेमो दाखवतात आणि सगळे खूश होऊन जातात.

"तितली मेरे यहाँ कोई नहीं लेता," दमयंती म्हणाली आणि पर्समधून पेन ड्राइव्ह काढून त्याच्यापुढे धरला. "ये काटो."

फाइलमध्ये एकच शब्द होता, जलदेवी. तिच्या भावाच्या बोटीचं नाव. मशीनने तो कापला. मिथुनने आजूबाजूचं व्हिनाइल सोलून काढलं आणि अक्षरं उजेडात धरली. लांबून ती छान दिसत होती. दमयंतीने नखाने शिरोरेषा चाचपली. रेषा सलग नव्हती. मशीनबरोबर फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरने प्रत्येक अक्षर वेगळं धरलं होतं आणि जिथे एकाची रेषा दुसऱ्याच्या रेषेवर चढत होती तिथे पात्याने चीर दिली होती. अशा चिरेत पाणी शिरलं की अक्षर कडेने उठतं.

"मॅडम, इतना कौन देखता है?"

"समंदर."

मिथुन हसला. मग त्याने विकतचं सॉफ्टवेअर उघडलं, अक्षरांच्या बाह्यरेषा एकमेकींत मिसळून टाकणारी आज्ञा दिली आणि नाव पुन्हा कापलं. या वेळी ज पासून वी पर्यंत शिरोरेषा एकसंध निघाली. दमयंतीने ती पट्टी ताणून पाहिली. तुटली नाही.

दाराजवळच्या खुर्चीत तिचा थोरला भाऊ प्रदीप मोबाइल चाळत बसला होता. बहीण मोठं काही घेत नाही, हे त्याला कळून चुकलं होतं. तो उठला आणि मशीनभोवती एक फेरी मारून म्हणाला, "दोन फुटाचं हाय हे. याच्यापेक्षा आयची सुकटीची पाटी मोठी."

चिंचणीच्या घरी रस्त्याकडेला एक खोली होती. वडील गेल्यावर ती दोघा भावंडांच्या नावावर झाली होती आणि सध्या तिच्यात जाळी टांगलेली असत. भांडण त्या खोलीवरून होतं. दमयंती नऊ वर्षं बोईसरमध्ये ज्या शेठकडे फ्लेक्सचं डिझाइन करत होती, त्याने तिने नोकरी सोडताच प्रदीपला गाठलं होतं. आपलं दहा फुटी जुनं फ्लेक्स मशीन तो त्या खोलीत ठेवायला तयार होता. सोबत सॉफ्टवेअरही, अर्थातच कॉपी केलेलं. पाटी मात्र शेठच्या दुकानाची लागणार होती. दमयंतीने पूर्वीसारखंच डिझाइन करायचं, फक्त आता घरबसल्या.

प्रदीपला यात काही वाईट दिसत नव्हतं. निवडणुका येतील, वाढदिवस येतील, माणसं मरतीलही, असं तो सांगत होता. फ्लेक्सला मरण नाही.

दमयंतीने ते सगळं केलं होतं. सोमवारी लावलेला वाढदिवस शुक्रवारी कोंबड्यांच्या खुराड्यावर पाहिला होता. कॉपी सॉफ्टवेअरने एका कारखान्याच्या सुरक्षा फलकांचा लाल रंग विटकरी छापला, तेव्हा कंपनीच्या फाटकावर उभं राहून बोलणी तिनेच खाल्ली होती. शेठ त्या दिवशी फोन उचलत नव्हता.

"मला टिकणारं काम करायचंय," ती म्हणाली. "बोटींची नावं, नंबर, कंपन्यांचे फलक. छापायचं आलं तर बाहेरून छापून आणीन. कापणं आणि लावणं माझं."

"बोटीवर स्टिकर टिकत नाय, दमे. ब्रशने रंगवलेलं टिकतं."

"तुझ्या बोटीवर लावून दाखवते."

तिथेच ठरलं. हंगामाच्या पहिल्या, आठवडाभराच्या फेरीत नाव टिकलं तर खोली दमयंतीची. उडालं तर शेठचं मशीन आत येणार आणि तिने मुकाट्याने त्याच्यापुढे बसायचं. प्रदीपला वाटलं, आता ती खरेदी फेरी होईपर्यंत पुढे ढकलेल. तिने मिथुनला मशीन आणि सॉफ्टवेअर दोन्ही बांधायला सांगितलं.

मशीन चुलीपलीकडच्या कोपऱ्यात बसलं. आई गोदूबाईने त्याच्यावर जुनं लुगडं टाकलं. म्हणाली, खारी हवा हाय, झाकून ठेव.

नारळी पौर्णिमा झाली आणि बोट निघायचा दिवस ठरला. त्या घराचा एक रिवाज होता. हंगामासाठी नव्याने रंगवलेल्या बोटीवर पूजेआधी नाव घालायचं नाही. आधी घरातली थोरली बाई नाळेला, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाला, दोन्ही बाजूंनी तेल-हळद माखणार, कुंकू लावणार, नारळ फुटणार आणि मग पेंटर ब्रश घेऊन चढणार. इतकी वर्षं यात कुणाचं काही अडलं नव्हतं. ऑइलपेंट तेलावरही बसायचा.

दमयंती ही पूजा लहानपणापासून पाहत आली होती. तरी दुकानात शिरोरेषा तपासताना तिला तेल आठवलं नाही. पूजा आटोपल्यावर तिने डाव्या बाजूला घरच्या मशीनवर कापलेलं पांढरं नाव लावलं, प्लास्टिकच्या पट्टीने दाबलं, वरचा कागद सोलला, आणि अख्खं जलदेवी कागदाबरोबर तिच्या हातात आलं.

बोटीवरच्या खलाशांपैकी कुणीतरी म्हणालं, देवी उतरली. सगळे हसले. प्रदीप हसला नाही. त्याने फक्त खाडीकडे पाहिलं. भरती लागली होती.

दमयंतीने पिशवीतून स्पिरिट आणि फडकं काढलं. तेव्हा गोदूबाई पुढे आली.

"काय करतेस?"

"तेल पुसते, आय."

"देवाचं हाय ते."

"ठाऊक हाय. नाव लागलं की पुन्हा तूच लाव, वरनं. नावालाही हळद लागू दे." दमयंतीने फडकं भिजवलं. "पण आता पुसणार."

गोदूबाई लेकीच्या हाताकडे बघत राहिली. मग तिने पदर खोचला आणि पाण्यात उतरून नाळेला बांधलेल्या हाराची सुटी टोकं बाजूला धरली. "पूस," ती म्हणाली. "हार भिजवू नको."

डावी बाजू नीट झाली. पुसून, सुकवून, घरून जादा कापून आणलेलं दुसरं नाव बसलं आणि कागद सोलल्यावर जागचं हललं नाही. उजव्या बाजूला येईपर्यंत पाणी दमयंतीच्या कमरेला लागलं होतं. तिने एकदा पुसलं. दुसऱ्यांदा पुसायला हवं होतं, लाकडावर अजून तेलकट चमक होती. वरून प्रदीपने हाक मारली की, बोट तरंगली, आता सोड. तिने नाव लावलं. पट्टी हातातून निसटून पाण्यात पडली, तेव्हा तळहाताने दाबलं. कागद निघाला. अक्षरं राहिली. वी ची वेलांटी पुरती चिकटली की नाही, ते तिला दिसलं नाही.

गोदूबाईने दोन्ही नावांवर हळदीची बोटं ओढली. बोट गेली.

दुसऱ्या दिवशी शेठचा फोन आला. मशीनचा टेम्पो कधी पाठवू, हे त्याने मोठ्या मायेने विचारलं. दमयंतीने सांगितलं की बोट आलेली नाही. शेठ म्हणाला, आली तरी काय, बोईसरमधली एकही कंपनी तुला दारात उभी करणार नाही. तिने सांगितलं की सोमवारी सरावलीच्या एका कारखान्यात नमुने घेऊन बोलावलंय, आणि फोन ठेवला. बोलावलेलं नव्हतं. ती जाणार होती, एवढं खरं होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी गावातल्याच जानू तांडेलची बोट मासळी उतरवायला लवकर परतली. गोदूबाई टोपली घेऊन पाण्यात शिरली तरी दमयंती तिच्याआधी पोहोचली होती. जानूने सांगितलं की काल पहाटे जलदेवी दिसली होती, ठीक हाय, जाळं पाण्यात होतं. नाव लांबून वाचता आलं, पांढरं ठसठशीत.

"कुठल्या बाजूचं, काका?"

जानूने डोकं खाजवलं. बोट आपल्या डावीकडे होती की उजवीकडे, ते त्याला आठवेना. त्याच्या खलाशांपैकी एकाला डावी वाटली, एकाला उजवी.

घरी आल्यावर दमयंतीने रस्त्याकडच्या खोलीचं दार उघडलं आणि टांगलेली जाळी एकेक करून उतरवायला घेतली. प्रदीप आल्यावर चिडेल, असं गोदूबाई म्हणाली. थोड्या वेळाने तीच जाळ्याचं दुसरं टोक धरायला आली.

शनिवारी संध्याकाळी खोली रिकामी होती, मशीन लुगड्यासकट आत आलं होतं आणि जलदेवी अजून परतली नव्हती.