गोल गोठ्याची खिडकी

"ओळख पाहू, मी कुठून बोलतोय?" बाबा दारात उभे राहून विचारायचे. आवाज भिंतीभिंतीने वळसा घेत माझ्या पाठीमागून यायचा. मी दचकायचे, ते खो खो हसायचे. ते हसणं अजून कानात आहे.

आमचा गोठा जात्यासारखा गोल. आधीचा चौकोनी गोठा वादळात गेला, तेव्हा पणजोबांनी हट्टाने असा बांधला. दगडाची भिंत, एकच दार, मधोमध गव्हाण. गाईंची तोंडं आत, शेपट्या भिंतीकडे. मध्ये उभं राहून एकटी बाई सगळ्यांना वैरण घालू शके. ती बाई म्हणजे माझी आई.

गाई गेल्या, बाबा गेले, छप्पर खचलं. मग वारसा खात्याने दुरुस्ती मंजूर केली, पण एका अटीवर. गोठा मूळ होता तसाच व्हायला हवा. मागच्या भिंतीला आता आहे ती खिडकी जुन्या फोटोत नव्हती, म्हणून ती बुजवायची.

दादाने लगेच मान डोलावली. पण गवंडी आला, की आईचं काहीतरी निघायचं. कधी खिडकीत धुणं वाळत घातलेलं, कधी तिथे मांजर व्यालेली.

"मावशी, एखादं पिल्लू तरी दाखवा की!" गवंडी म्हणाला. आईला हसू आलं नाही.

आज त्याने चुना कालवलाच. खात्याच्या बाईही आल्या होत्या. आज खिडकी बुजली नाही, तर छपराची मंजुरी जाणार होती. आई खिडकीला पाठ लावून उभी.

"आई, हे काय पोरासारखं?" दादा वैतागला. "आता कोण डोकावणार आहे इथून?"

"काकू, ही खिडकी पाडली कुणी?" बाईंनी हळूच विचारलं.

"पाडली कुठली! ओल धरून दगड निखळले. बाबाच सांगायचे," दादा म्हणाला.

आईने पदराने तोंड पुसलं. पदर मुठीत तसाच राहिला.

"ओल नव्हती रे. विळ्याने चुना खरवडला मी, कितीतरी रात्री. तुझे वडील चिडले की मला इथे ढकलून बाहेरून कडी घालायचे. गाईंना बिलगून बसायचे मी. पहिला दगड निघाला, तेव्हा उजाडत होतं. तुम्ही दोघं अंगणात मला शोधत होतात. छप्पर पडायचं तर पडू दे. ही मी बुजवू देणार नाही."