मागच्या सीटवरून

कॉलरमधून बाहेर आलेलं ते लेबल — पांढरं, बोटभर, एका टोकाला उसवलेलं — वाऱ्याने उलटायचं, ऑरिनच्या मानेला चिकटायचं, सुटायचं, परत उलटायचं... आत सारायला हवं, असं मार्लिसच्या मनात आलं आणि हात मात्र हँडलवरच राहिला. पूर्वी तिने ते केव्हाच आत सारलं असतं, चालत्या सायकलवर, दोन बोटांनी, आणि त्यानेही न विचारता मान जराशी मागे दिली असती. आता ती नुसती बघत होती. मागच्या सीटवरून बघण्यासारखं तसं फार नसतंच — डावीकडे घोट्याएवढा मका, उजवीकडे घोट्याएवढा मका, आणि समोर नवऱ्याची पाठ. बावीस उन्हाळे ती ही पाठ बघत आली होती. घाम आधी कुठे फुटतो, मग कुठे पसरतो, दमला की डावा खांदा कसा जरा खाली जातो, हे तिला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. आज घाम कमरेपर्यंत आला होता आणि अजून निम्मा रस्ताही झाला नव्हता. उकडतंय बहुतेक, असं तिला वाटलं, आणि तिथेच तिने तो विषय सोडला.

खाली पाय फिरत होते. ती फिरवत नव्हती. ते फिरत होते.

जोडसायकलची ही एक गंमतच आहे. पुढची पॅडलं आणि मागची पॅडलं एकमेकांना साखळीने बांधलेली असतात. पुढच्याने पाय मारला की मागच्याचा फिरणारच, त्याने जोर लावो की न लावो. बघणाऱ्याला दोघांचे गुडघे एकदम वर, एकदम खाली जाताना दिसतात, आणि काय छान जोडपं आहे, असं म्हणून तो आपल्या कामाला लागतो. मागचा नुसता बसून आहे हे कळायचं तर एकट्या पुढच्यालाच कळणार. आणि पुढच्याला कळलं नव्हतं. एप्रिलपासून नाही, आणि आता जून लागला होता.

हिवाळा संपून दोघं पहिल्यांदाच बाहेर पडली होती तेव्हाची गोष्ट. दफनभूमीजवळचा सपाट रस्ता, कडेला अजून मळकट बर्फ, आणि तिने पायातला जोर काढून घेतला. ठरवून नव्हे. हातातली जड पिशवी आपण क्षणभर खाली ठेवतो ना, तसा. मग तिने वाट पाहिली — आता विचारेल, काय गं, काय झालं, साखळी उतरली की काय? सायकल जराशी मंदावली, ऑरिनने गिअर बदलला, परत पहिल्यासारखी चालू लागली. थोड्या वेळाने तो म्हणाला, "वारा समोरून आहे आज." मार्लिसने पाहिलं. हॉल्वर्सनांच्या अंगणातला झेंडा खांबाला धरून, ओल्या टॉवेलसारखा, गपगार लोंबत होता. ती तशीच बसून राहिली. पिशवी मग तिने उचललीच नाही.

म्हणजे मी जोर लावला काय, न लावला काय, सायकल चालतेच... मग बावीस वर्षं मी मागे बसून करत काय होते? चढ आला की तो ओरडायचा, "हं, आता!" आणि मी जीव खाऊन पॅडल दाबायचे, मांड्या पेटायच्या, डोळ्यांपुढे काजवे चमकायचे, आणि वर पोचलो की वाटायचं, चढवली, आपण दोघांनी चढवली. हा विचार खरं तर जिव्हारी लागायला हवा होता. तो यायचा, जरा वेळ थांबायचा, आणि काहीच होत नाही असं बघून निघून जायचा.

थकवा म्हणावा तर तसा थकवाही नव्हता. डॉक्टरीणबाईंनी रक्त काढलं, लोह पाहिलं, थायरॉइड पाहिला, आणि "तुमच्या वयाला तर उत्तमच आहे हो सगळं!" असं इतक्या कौतुकाने सांगितलं की मार्लिसला माफी मागावीशी वाटली. हल्ली सायकलवर मन लागत नाही, एवढंच ती सायकल-क्लबात बोलून गेली आणि सल्ले सुरू झाले, कारण सायकलवाल्यांकडे दुसरं काही नसलं तरी सल्ले असतातच. कुणी म्हणालं, रस्ता बदला. कुणी म्हणालं, पंधरा दिवस सायकलला हातच लावू नका, मग बघा कशी ओढ लागते ते. कुणी बीटचा रस दिला. ऑरिनने तिच्यासाठी नवी सीट आणली, मऊ, जेलची, आणि गॅरेजमध्ये वाकून वाकून तिची उंची बसवली. तिने सगळं केलं. पंधरा दिवस घरी बसली आणि ओढ काही लागली नाही. सोळाव्या दिवशी नव्या सीटवर जुनंच मन नेऊन बसवलं. ती काम करायची त्या शाळेच्या स्वयंपाकघरातही तेच: मुलांच्या ताटांत बटाट्याचा गोळा पडत राहायचा, हात वाढत राहायचा, आणि ती कुठेतरी दोन पावलं मागे उभी.

आज मात्र सांगायचं होतं. जुलैत मिनेसोटात जोडसायकलवाल्यांचा मेळावा असतो, दरवर्षी दोघं जातात. गुरुवारी भांडी पुसता पुसता ऑरिनने विचारलं होतं, "पाठवू ना आपली नावं?" आणि ती म्हणाली होती, "बघू." वाक्य तिने तयार ठेवलं होतं — ऑरिन, मला आता हे नको. लहानसं, सोपं. कॅफेपाशी थांबलो की सांगायचं. त्यानंतर काय, हे तिला दिसत नव्हतं. घरात ऑरिन हा माणूस मिठाची बाटली मागण्यापुरता तोंड उघडणारा. जे काही बोलायचा ते सायकलवर, समोर बघत, वाऱ्यावर सोडून दिल्यासारखं, आणि ते आपसूक मागे तिच्यापर्यंत यायचं. त्याच्या आईचं आजारपण, आपल्याला मूल न होणं, हे सगळं तिने त्याच्या पाठीकडूनच ऐकलं होतं. सायकल गेली की शनिवारची ही फेरी जाणार, आणि शनिवार गेला की दोन माणसं एका घरात राहतील, एवढंच. हेही तिला कळत होतं. हवामानाची बातमी कळावी तसं कळत होतं.

वळणावर गवत कापायच्या गाडीवर बसलेल्या एका म्हाताऱ्याने त्यांना पाहिलं आणि त्याचा चेहरा उजळला. मार्लिसला कळलं, आता येणार.

"अहो साहेब! मागची बाई पाय मारत नाहीये, बरं का!"

जोडसायकल घेऊन निघालेल्या प्रत्येक जोडप्याला हा विनोद ऐकावाच लागतो, आणि सांगणाऱ्या प्रत्येकाला तो आत्ता, आपल्यालाच सुचला असं वाटत असतं. ऑरिनचं उत्तरही बावीस वर्षांचं.

"अहो, इंजिन तीच आहे! मी नुसता... हँडल धरून बसलोय!"

म्हातारा खो खो हसला. मार्लिसने पाठीकडे बारकाईने पाहिलं. यंदा तो विनोद खरा होता, अक्षरन् अक्षर खरा, आणि पाठ जराही दचकली नव्हती. नाहीच कळलेलं ह्याला, असं तिने पुन्हा एकदा मनाशी नोंदवलं. उत्तर देताना तो मध्येच श्वासासाठी थांबला होता, हे तिने ऐकलं. पण साठी ओलांडली की माणूस थांबतोच.

कॅफेच्या बाहेरच्या बाकांवर क्लबची मंडळी आधीच येऊन पसरली होती. ऑरिनने दोन कॉफ्या आणि रूबार्बच्या केकचा एक तुकडा आणला, मग परत आत जाऊन स्वतःसाठी आणखी एक आणला. बाकावर दोघंच होती. ऑरिन, मला आता... तिने कप खाली ठेवला, आणि तेवढ्यात बेव्ह येऊन समोर आदळली. बेव्ह शाळेची बस चालवते, त्यामुळे तिचा आवाज नेहमी शेवटच्या बाकापर्यंत जाईल एवढा असतो. मागून तिचा नवरा ग्लेन, हातात तिची बाटली.

"ए ऑरिन, तुझं ते 'हं, आता' कुठे गेलं रे यंदा?"

"कुठलं?"

"कुठलं काय! चढ आला की बोंबलायचास ना. आम्ही मागून तेच ऐकून गिअर टाकायचो. परवाच ह्याला म्हटलं, यंदा चढ आलेला कळतच नाही बाई, एकदम अंगावरच येतो."

"घसा धरलाय जरा," ऑरिन म्हणाला.

"एप्रिलपासून?"

"हवा कोरडी आहे."

"घसा कसला, दम उरत नाही म्हण की म्हाताऱ्या!" ग्लेन हसला. "कबूल कर, आम्ही काय कुणाला सांगणार नाही. बेव्ह सांगेल."

सगळे हसले. ऑरिनही हसला, केकच्या तुकड्याकडे बघत. मार्लिसकडे त्याने पाहिलं नाही. अगदी जपून, भरलेला पेला नेताना माणूस इकडेतिकडे बघत नाही तसं, पाहिलं नाही.

हं, आता. खरंच की... शेवटचं कधी ऐकलं होतं? मार्लिस मागे मागे जात राहिली. मे महिन्यात नाही. ईस्टरनंतरच्या शनिवारी नाही. दफनभूमीजवळचा तो सपाट रस्ता, त्यानंतर डेअरीचा चढ लागला होता, आणि त्या चढावर... नाही. तिथेही तो नुसता खाली वाकला होता, आणि चढला होता. त्याच दिवसापासून. ज्याला काही कळलेलं नसतं तो ओरडतो, ओरडून बघतो, चिडतो, अगं दाब ना म्हणतो. जोर मागायचाच नाही हे ज्याने ठरवलं तोच गप्प बसतो.

मग बाकीचंही एकेक समोर येऊन उभं राहिलं. एवढे दिवस ते तिथेच होतं. शनिवारी संध्याकाळी गुडघ्यावर गोठलेल्या मटारची पिशवी ठेवून सोफ्यावर सातलाच झोपलेला ऑरिन. तीच पिशवी ती न बघता परत फ्रीजरमध्ये ठेवायची. केकचा दुसरा तुकडा. सैल झालेली पँट. कमरेपर्यंतचा घाम. दोघांचं वजन, एकट्याचे पाय, आणि वारा समोरून आहे आज.

"मग जुलैला जाताय ना मेळाव्याला?" बेव्हने विचारलं.

"बघू," ऑरिन म्हणाला.

तो तिचाच शब्द होता. तिच्याच आवाजात ठेवून दिलेला, तसाच्या तसा. तयार करून आणलेलं वाक्य मार्लिसने पुन्हा एकदा आत उलटून पाहिलं. ज्याला माहीत आहे त्याला ते काय सांगायचं? उपकाराचं ओझं वाटावं, अपराधी वाटावं, निदान रडू यावं, असं तिने वाट बघून पाहिलं. काही आलं नाही. फक्त एक फार मोठं एकटेपण जाणवलं, आणि ते आपलं एकटीचं नाही, त्यात आणखी एक माणूस इतके दिवस बसून आहे, हे जाणवलं. विचारलं का नाहीस? विचारलं असतंस तर मी सांगितलं असतं. म्हणूनच नाही विचारलंस.

परतीचा रस्ता लुथरन चर्चच्या टेकडीवरून. ऑरिनने यंदा तो टाळला होता. आज रस्ता क्लबने ठरवलेला, त्यामुळे इलाज नव्हता. बेव्ह आणि ग्लेन शेजारून पुढे गेले. "चला, वर भेटू!" हा बेव्हचा आवाज वळणापलीकडे गेला, आणि मग रस्त्यावर ह्या दोघांखेरीज कुणी उरलं नाही.

चढाच्या पायथ्याशी ओढ्यावरचा छोटा पूल आहे. पुलाचा कठडा संपतो तिथे तो "हं, आता!" म्हणायचा. कठडा आला. कठडा संपला. ऑरिनने गिअर खाली टाकला, आणखी एक खाली टाकला, साखळी खडखडली, डावा खांदा उतरला, आणि तो एकटाच चढाला भिडला.

सायकल मंदावत गेली, इतकी की पुढचं चाक डुलायला लागलं. त्याच्या श्वासाला आता शिट्टीसारखा आवाज येत होता. कॉलरमधलं लेबल मानेच्या घामाला पक्कं चिकटून बसलं होतं. तिचे पाय फिरत होते, हळू, फार हळू, प्रत्येक फेऱ्यात पॅडल खालून वर येऊन तळपायाला टेकत होतं, टेकून थांबल्यासारखं करत होतं आणि पुढे जात होतं. इतके दिवस हे तिला जाणवलंच नव्हतं. दाबायला हवं, असं तिला वाटलं नाही. खोटं कशाला बोला. मांड्या तशाच होत्या, कापसाच्या. पण कान... कान पुढे झाले होते. त्याच्या एका श्वासापासून दुसऱ्या श्वासापर्यंतच्या जागेत ती काहीतरी शोधत होती, ते नव्हतं, पुढच्या जागेत शोधत होती, तिथेही नव्हतं, आणि ते नाही म्हणून तिला वाईट वाटत होतं, चांगलं सणसणीत वाईट. काहीतरी हवं असण्याला असं वाटतं, हे ती विसरून गेली होती.

चर्चचा मनोरा अजून दिसत नव्हता. चाक डावीकडे झुकलं, त्याने सावरलं, परत झुकलं.

म्हण ना, ऑरिन. माझ्याच्याने होईल असं नाही. मी दाबेन असंही नाही. तरी एकदा म्हण ना रे.