काट्यावर चढवलेला पेला

मित्रांनो, मी खोटारडा नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण लोक माझ्या पोटावरचा आकडा वाचतात आणि लगेच मला काट्यावर चढवतात.

मी पितळेचा पेला, तोफेची दारू मोजायचा. भलती शंका घेऊ नका. कारागिराने मला घडवलं, काळ्या बारुदीने काठोकाठ भरलं, ती तोलली आणि पोटावर ठोकलं, 'साठ ग्रॅम'. बंदराच्या भिंतीवरची छोटी तोफ भर दुपारी वाजते ना, तिचा घास मीच मोजतो. आधी तोफ वाजवणाऱ्या बाबांच्या हातून, आता त्यांच्या थोरल्या लेकीच्या, ताईच्या. तोफ वेळेवर वाजली की बाबा मला कुरवाळून ठेवत.

मग नवी बारूद आली. तशीच काळी, पण हलकी. ताईची धाकटी बहीण औषधांच्या दुकानात कामाला. तिने तिथला काटा आणला आणि मला भरून तोललं.

"ताई, तुझा पेला चोर आहे. साठ म्हणतो आणि भरतात अठ्ठेचाळीस."

"बाबांच्या वेळचा आहे तो."

"मग काय, पेन्शन द्यायची त्याला?"

तिने साठ ग्रॅम तोलून माझ्यात ओतले. मी भरलो, वर ढीग झाला, उरलेली बारूद टेबलावर सांडली. मी एक कण जास्त घेतला नाही. मला बोलता येत नाही, पण सांडता येतं. ऐकतंय कोण? ताईचाच धीर सुटला. बत्ती तीच देणार होती. जास्त बारूद ठासून जुनी नळी फुटली असती, तर समोर तीच. तरी मलाच खोटा ठरवून ताईने हातोड्यांच्या खणात टाकलं.

सांडलेलं गोळा करताना ती पुटपुटली, "खोकल्याचं औषध तरी तोलून देतेस का गं?"

"छे, चमच्याने."

धाकटी थबकली. तिने मला खणातून काढलं, जुन्या डब्याच्या तळाची बारूद माझ्यात काठोकाठ भरली आणि तोलली. साठ. मग नव्या डब्यावरची बारीक अक्षरं वाचली: जुन्याच मापाने भरा, वजन जुळवू नका.

"हे आधी वाचायचं," ताई म्हणाली.

"तू वाचलं होतंस?"

त्या दुपारी धाकटीने मला भरलं, पुठ्ठ्याने काठ सपाट केला. ताईने बत्ती दिली, तोफ नेहमीसारखी वाजली आणि दोघी जेवायला गेल्या.

माझी कुणी माफी मागितली नाही. नको मला. मी वजन सांगत नाही, जागा सांगतो. माझ्यातली बारूद बदलली, मी बदललो नाही. एवढं मात्र करा, मित्रांनो: मला कोरडा ठेवा, हातोड्यांत टाकू नका. पोटाला पोचा पडला की आतली जागा घटते आणि ते कुठल्याच आकड्यात दिसत नाही. बाकी काट्यावर चढवायचंच असेल, तर खुशाल चढवा. मी खाली उतरून पुन्हा तेवढाच भरेन.